हाडांच्या बेटावरचे शहर

माणसांची चरित्रे वाचणारे पुष्कळ असतात. मला गावांची चरित्रे वाचण्याची खोड आहे. गाव कोणी वसवले, त्याच्या पोटापाण्याची सोय काय होती, त्याच्यावर कोणकोणती संकटे आली आणि त्यांतून ते कसे निभावले, हे वाचताना एखाद्या जुन्या घराण्याची बखर वाचल्याचा आनंद मला मिळतो. नदीकाठची गावे शेतीवर जगतात, क्षेत्राची गावे यात्रेकरूंवर आणि घाटाखालची गावे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर. पण दुसऱ्यांच्या अपघातांवर आणि दुसऱ्यांच्या युद्धांवर जगलेले गाव विरळाच. असे एक गाव अमेरिकेच्या दक्षिण टोकाला आहे. त्याचे नाव की वेस्ट.

फ्लॉरिडाच्या नकाशाकडे पाहिले, तर त्या द्वीपकल्पाच्या पायाशी लहान लहान बेटांची एक रांग समुद्रात वळत गेलेली दिसते. माळ तुटावी आणि मणी ओळीने सांडावेत, तशी. त्या रांगेच्या जवळजवळ शेवटी की वेस्ट आहे. लांबी सुमारे ४ मैल, रुंदी दीड मैल, आणि सर्वांत उंच टेकडी समुद्रसपाटीपासून अवघी १८ फूट! मुख्य भूमीवरचे मायामी शहर इथून सडकेने १६० मैलांवर आहे, तर समोरचा क्यूबा देश अवघ्या सुमारे ९० मैलांवर. आपला देश लांब आणि परका देश जवळ, अशी ही जागा. या एका गोष्टीत गावाचे निम्मे नशीब लिहिलेले आहे.

नावाची कथाही गमतीची आहे. स्पॅनिश खलाशी या बेटाला ‘कायो उएसो’ म्हणत. म्हणजे हाडांचे बेट. पहिले गोरे लोक आले तेव्हा इथे माणसांची हाडे पसरलेली होती, असे सांगतात. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानांना ‘उएसो’चे ‘वेस्ट’ ऐकू आले आणि हाडांचे बेट पश्चिमेचे बेट होऊन बसले. १८१५ मध्ये स्पॅनिश गव्हर्नरने हे बेट हुआन सालास नावाच्या अधिकाऱ्याला इनाम दिले होते. पुढे फ्लॉरिडा अमेरिकेकडे गेला, तेव्हा या सालास महाशयांनी ते चक्क दोघांना विकले! त्यांपैकी जॉन सायमन्टन या व्यापाऱ्याने ते २,००० डॉलरला घेतले आणि सरकारदरबारी आपला हक्क शाबीत केला. १८२२ च्या मार्चमध्ये मॅथ्यू पेरी या तरुण नाविक अधिकाऱ्याने बेटावर अमेरिकेचे निशाण फडकवले. एकतीस वर्षांनी आपल्या काळ्या जहाजांचा काफिला जपानच्या दाराशी उभा करणारा पेरी तो हाच. दुसऱ्याच वर्षी कमोडोर डेव्हिड पोर्टर चाचांच्या बंदोबस्तासाठी आरमाराचा तांडा घेऊन इथे उतरला. म्हणजे गावाची आणि नाविक तळाची पाचवी एकदमच पुजली गेली म्हणावयाची! तेव्हापासून या दोघांची कुंडली एकत्रच मांडावी लागते.

गावाचा पहिला मोठा धंदा मात्र आरमाराचा नव्हता, फुटलेल्या जहाजांचा होता. न्यू ऑर्लिन्स आणि हवाना या बंदरांतून माल भरून निघालेली जहाजे याच चिंचोळ्या समुद्रातून अटलांटिककडे जात. एका अंगाला गल्फ स्ट्रीमचा जोरदार प्रवाह, दुसऱ्या अंगाला पाण्याखाली दडलेले पोवळ्यांचे खडक. रात्र काळोखी असली, वारा फिरला, की जहाज खडकावर चढलेच म्हणून समजा. १८५० नंतरच्या दशकात जवळजवळ दर आठवड्याला एक जहाज इथे अडके. गावकऱ्यांनी उंच मनोरे बांधले होते. वर टेहळणी करणाऱ्याने जहाज अडकल्याची आरोळी दिली, की सारे गाव होड्यांकडे धावे. जो पहिला पोचेल तो त्या कामाचा म्होरक्या. आधी माणसे वाचवायची, मग माल काढायचा, जमल्यास जहाजही मोकळे करायचे, आणि सारा माल गावात आणून न्यायाधीशापुढे मोबदल्याची मागणी करायची, अशी रीत होती.

हे काम चोरीमारीचे नव्हते. १८२८ पासून इथे खास न्यायालय होते, होडीवाल्याला परवाना लागे, आणि लबाडी केली तर तो जाई. न्यायाधीश विल्यम मार्व्हिन यांनी या विषयावर लिहिलेला कायद्याचा ग्रंथ इतरत्रही मान्यता पावला. खोटे दिवे लावून जहाजे फसवीत, अशी एक दंतकथा आहे. पण तिला पुरावा नाही. शिवाय ती युक्तीलाही धरून नाही. काळोखात दिवा दिसला की तिथे जमीन आहे असे समजून शहाणा कप्तान जहाज दूरच नेणार. तरीही एक गोष्ट उरतेच. वादळ हीच या गावाची सुगी होती. सोडवलेल्या मालाचा लिलाव झाला की घराघरांत रेशमी कापड, काचसामान, महागडे लाकडी फर्निचर जाई. माणशी संपत्तीच्या हिशेबात हे चिमुकले गाव फ्लॉरिडात पहिले गणले जाई.

दिवाळीच्या अंकात दिव्याची गोष्ट सांगायची, तर ती याच गावातल्या एका बाईची सांगावी लागेल. की वेस्टमध्ये दीपस्तंभ उभा राहिला १८२५ मध्ये. त्याचा राखणदार मायकेल मॅब्रिटी १८३२ मध्ये पीतज्वराने वारला आणि दिव्याचे काम त्याच्या बायकोकडे, बार्बराकडे आले. रोज संध्याकाळी तेल भरायचे, वाती कातरायच्या, काचा पुसायच्या, रात्रीतून उठून ज्योती पाहायच्या, आणि घरात पोरांचा संसार. १८४६ च्या ऑक्टोबरात भयंकर चक्रीवादळ झाले. आसऱ्यासाठी स्तंभात शिरलेल्या लोकांवरच तो कोसळला. १४ माणसे दगावली, त्यांत बार्बराची मुलेही होती. ती वाचली. दोन वर्षांनी नवा स्तंभ अधिक आतल्या बाजूला बांधला, तेव्हा त्याच्या दिव्यापाशी पुन्हा तीच उभी होती! एकूण बत्तीस वर्षे तिने तो दिवा सांभाळला. १८६४ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत सरकारविरुद्ध काही बोलल्याचा ठपका ठेवून तिला काढले, तेव्हा तिने ऐंशी ओलांडली होती. जहाजे फुटली तर ज्या गावाची चूल चांगली पेटे, त्याच गावात एक विधवा जहाजे फुटू नयेत म्हणून रात्री जागवीत होती. या गावाच्या साऱ्या इतिहासात मला इतके मोठे दुसरे माणूस दिसत नाही.

दीपस्तंभ वाढले, आगबोटी आल्या, नकाशे सुधारले, आणि हळूहळू फुटक्या जहाजांचा धंदा बसला. तोवर गावाला दुसरा पोशिंदा मिळाला होता. १८४५ मध्ये बेटाच्या टोकाशी सरकारने किल्ला बांधायला घेतला. पुढे त्याला अध्यक्ष झॅकरी टेलर यांचे नाव मिळाले. काम वीस वर्षे चालले. आयरिश आणि जर्मन गवंडी होते, आणि गावातले मालक आपले निग्रो गुलाम सरकारला भाड्याने देऊन त्यांची मजुरी स्वतः घेत होते. किल्ल्याच्या विटांबरोबर हाही हिशेब गावाच्या खात्यावर लिहिला पाहिजे.

याच गावात १८६० च्या उन्हाळ्यात एक विलक्षण प्रकार घडला. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद असूनही क्यूबाकडे चोरून माणसे नेणारी तीन जहाजे अमेरिकन आरमाराने पकडली आणि की वेस्टला आणली. त्यांतून आफ्रिकेतली १,४०० हून अधिक माणसे उतरली. उपाशी, आजारी, पुष्कळशी कोवळ्या वयाची. गावाची वस्ती तेव्हा जेमतेम तीन हजार. घाईने लाकडी छपऱ्या उभ्या केल्या, आणि अनेक गावकऱ्यांनी अन्न-वस्त्र आणून दिले. ज्या गावात गुलाम विकत घेतले जात, त्याच गावाने सोडवलेल्या माणसांना जेवू घातले! मनुष्यस्वभावाचे कोडे असे असते. जवळजवळ ३०० जण इथेच मरण पावले आणि समुद्रकाठच्या वाळूत पुरले गेले. उरलेल्यांना लायबेरियात पाठवले, त्यांतलेही कित्येक वाटेत गेले. पुढे त्या कबरींवरून रस्ते आणि इमारती झाल्या. २००२ मध्ये जमिनीखालचा शोध घेणाऱ्या यंत्रांनी त्यांतल्या काही जागा पुन्हा दाखवल्या, आणि आता तिथे स्मारक आहे. हाडांच्या बेटाचे नाव खरे ठरले ते असे.

पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटले. फ्लॉरिडा फुटून दक्षिणेच्या बाजूला गेला. गावाचा ओढाही तिकडेच होता. पण जॉन ब्रॅनन नावाच्या कॅप्टनने एका रात्री आपले ४४ शिपाई गुपचूप अर्धवट बांधलेल्या किल्ल्यात नेऊन दरवाजे लावून घेतले. राज्य दक्षिणेचे, गावाचे मन दक्षिणेचे, आणि तोफा मात्र उत्तरेच्या! युद्ध संपेपर्यंत किल्ला उत्तरेकडेच राहिला. नाकेबंदी मोडताना पकडलेल्या जहाजांचे खटले त्याच जुन्या न्यायालयात चालले आणि तसेच लिलाव झाले. वादळाची जागा युद्धाने घेतली, इतकाच फरक.

गावाने स्वतःच्या हातांनी कमावलेली सुबत्ता पाहायची, तर १८६८ नंतरची तीन दशके पाहावीत. क्यूबात स्पेनविरुद्ध बंड उठले आणि तिथले तंबाखूचे कारागीर हजारोंनी समुद्र ओलांडून इथे आले. त्यांच्याबरोबर चिरूट वळण्याचे कारखाने आले. आपल्याकडे सोलापूर-सिन्नरला विड्या वळणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कामातला हातांचा वेग ठाऊक असेल. हात गुंतलेले आणि कान मोकळे. म्हणून या कारागिरांनी एक सुंदर प्रथा पाडली होती. कारखान्यात उंच चौथऱ्यावर एक वाचक बसे. सकाळी वर्तमानपत्रे आणि दुपारी सर्व्हान्टिस, ह्यूगो, झोला यांच्या कादंबऱ्या तो खड्या आवाजात वाची. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. अक्षरओळख नसलेल्या माणसांना जगातले उत्तम वाङ्मय तोंडपाठ झाले ते असे. मालकांना हा वाचक नेहमीच डोळ्यांत सले, हे सांगायला नकोच.

१८७१ मध्ये या लोकांनी ‘सान कार्लोस’ नावाची शाळा आणि सभागृह काढले. १८९१ च्या डिसेंबरात क्यूबाचा कवी-पुढारी होसे मार्ती इथे आला. चिरूट वळणाऱ्यांनी आपल्या मजुरीतला वाटा स्वातंत्र्याच्या फंडात टाकला. परक्या भूमीवर राहून, मजुरीच्या पैशांतून मायभूमीचा लढा चालवणारी ही माणसे. त्यांच्यामुळे १८९० च्या शिरगणतीत १८,०८० वस्तीचे की वेस्ट हे फ्लॉरिडातले सर्वांत मोठे शहर ठरले. मात्र दृष्ट आधीच लागली होती. १८८६ मध्ये गावाला मोठी आग लागली, आणि गावचा वाफेवर चालणारा एकुलता एक बंब त्या वेळी दुरुस्तीसाठी न्यूयॉर्कला गेलेला! कारखाने जळाले. बडे कारखानदार टॅम्पाकडे वळू लागले होतेच. आगीनंतर तो ओघ वाढला.

मग पुन्हा युद्ध धावून आले. १८९८ च्या जानेवारीत ‘मेन’ ही युद्धनौका इथल्या पाण्यातून हवानाकडे निघाली. १५ फेब्रुवारीच्या रात्री हवाना बंदरात तिचा स्फोट झाला आणि २६० हून अधिक खलाशी मेले. त्यांतले काही की वेस्टच्या दफनभूमीत विसावले आहेत. अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध जुंपले, बंदर गलबतांनी भरून गेले, दुकानदारांची चांदी झाली. काही महिन्यांत युद्ध संपले आणि चांदीही संपली.

१९१२ च्या २२ जानेवारीला गावात आगगाडी आली. समुद्रावरून! हेन्री फ्लॅगलर या तेलसम्राटाने १९०५ पासून बेटाबेटांना पुलांनी जोडीत हा लोहमार्ग आणला. लोक त्याला फ्लॅगलरचे वेड म्हणत. वादळांनी त्याची शेकडो माणसे नेली, तरी तो हटला नाही. स्वतः ८२ वर्षांचा होऊन पहिल्या गाडीने आला आणि दुसऱ्या वर्षी वारला. पनामा कालव्याचा व्यापार या बंदरात येईल ही त्याची आशा मात्र फळली नाही. पहिल्या महायुद्धात तळ पुन्हा गजबजला, आणि तहानंतर पुन्हा ओस पडला. चिरूट गेले, स्पंजाचा धंदा गेला, आरमारही निघाले. १९३४ मध्ये एके काळचे हे धनाढ्य शहर दिवाळखोर होऊन राज्य सरकारच्या दारात उभे राहिले. बहुतेक कुटुंबे सरकारी मदतीवर होती. मदतखात्याचा अधिकारी ज्यूलियस स्टोन याने तोडगा काढला. पाहुण्यांसाठी गाव सजवायचे! लोकांनी बिनमोल श्रमदान करून किनारे झाडले, घरे रंगवली, चित्रकारांनी चित्रे काढली. पाहुणे येऊ लागले. तोच १९३५ च्या २ सप्टेंबरला मधल्या बेटांवर भयानक वादळ कोसळले. सडकेचे काम करणारे महायुद्धातले जुने शिपाई आणि बेटावरचे रहिवासी मिळून ४०० हून अधिक माणसे मेली, आणि फ्लॅगलरचा लोहमार्ग वाहून गेला. उरलेल्या पुलांवरून १९३८ मध्ये मोटारीचा रस्ता झाला.

गाव वसून शंभर वर्षे उलटली, तरी पिण्याच्या पाण्याची ददात होती. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवायचे आणि पुरवून पुरवून वापरायचे. दुसरे महायुद्ध आले, जर्मन पाणबुड्या या समुद्रात तेलवाहू जहाजे बुडवू लागल्या, तळावर हजारो खलाशी जमले, आणि मग पाण्याची निकड सरकारला पटली! १९४२ मध्ये १३० मैलांचा नळ टाकून मुख्य भूमीवरून पाणी आणले. आधीची शंभर वर्षे जी गोष्ट गावच्या बायाबापड्यांसाठी कोणाला सुचली नव्हती, ती युद्धाने वर्षभरात करून दाखवली. तळाशेजारच्या गावाचे सुख असे असते. ते मिळते, पण तळाच्या तहानेने मिळते.

त्यानंतरची तीस वर्षे भरभराटीची गेली. अध्यक्ष ट्रूमन १९४६ ते १९५२ या काळात ११ वेळा विश्रांतीला इथे आले आणि तळावरच्या एका अधिकाऱ्याच्या घरात एकूण १७५ दिवस राहिले. १९४८ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या तिन्ही सैन्यदलांची कामे कशी वाटायची, याचा खलही इथेच झाला. पण १९६२ च्या ऑक्टोबरात याच शेजाराची दुसरी बाजू गावाला दिसली. क्यूबात रशियन क्षेपणास्त्रे सापडली. ज्या वाळूत मुले खेळत होती, तिथे काटेरी तारा ओढून विमानवेधी क्षेपणास्त्रे मांडली गेली. गावातले सर्वांत मोठे हॉटेल लष्कराने ताब्यात घेतले. पहिला घाव पडला, तर तो कुठे पडेल हे गावातल्या पोरासोरांनाही कळत होते. तेरा दिवसांनी संकट टळले.

१९७४ मध्ये पाणबुड्यांचा जुना तळ बंद झाला. शेजारच्या बोका चिका बेटावरचा हवाई तळ तेवढा राहिला. तिथे आजही लढाऊ वैमानिकांचे शिक्षण चालते आणि विमानांची घरघर गावाच्या डोक्यावरून जाते. पण एवढ्यावर गाव पोसणार नव्हते, म्हणून स्टोनचा जुना मंत्र पुन्हा काढावा लागला. पाहुणा हाच देव. या गावचे जुने रहिवासी स्वतःला ‘कॉंक’, म्हणजे शंख म्हणवतात. १९८२ मध्ये सरकारी शिपायांनी मुख्य भूमीच्या तोंडाशी नाके बांधून प्रत्येक मोटार झडतीसाठी अडवायला सुरुवात केली. मैलोगणती रांगा लागल्या आणि पाहुणे परत फिरू लागले. तेव्हा या शंखांनी खरोखरच शंख केला! २३ एप्रिलला नगराध्यक्ष डेनिस वॉर्डलो यांनी ‘शंखांचे प्रजासत्ताक’ जाहीर केले, नौदलाचा गणवेश घातलेल्या एका माणसाच्या डोक्यावर शिळ्या पावाची लादी मोडून युद्ध पुकारले, मिनिटभरात शरणागती पत्करली, आणि पराभूत राष्ट्र म्हणून एक अब्ज डॉलरची मदत मागितली! नाके उठले. दीडशे वर्षे दुसऱ्यांच्या लढायांवर जगलेल्या गावाने स्वतःची लढाई केली ती ही एवढीच, आणि तिच्यात रक्ताचा थेंबही सांडला नाही.

आता गावाची चिंता निराळी आहे. ज्या खोल धक्क्यांना युद्धनौका लागत, तिथे प्रवाशांनी भरलेली प्रचंड जहाजे लागू लागली. पाणी गढूळ होते, गल्ल्या तुंबतात, आणि घरभाडी इतकी वाढली की हॉटेलात राबणाऱ्याला गावात राहणे परवडत नाही. २०२० मध्ये नागरिकांनी मतदान करून मोठ्या जहाजांना बंदी केली; पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तो कौल रद्द ठरवला. पूर्वी गावाचे भवितव्य वॉशिंग्टनमधल्या सेनापतींच्या मेजावर ठरे. आता ते राज्याच्या राजधानीत ठरते. जेमतेम २६ हजार वस्तीच्या बेटाला आपल्या दारात कोणी यावे, हे स्वतः ठरवता यावे की नाही, हा प्रश्न तसाच आहे. त्यातून समुद्र चढतो आहे. इथे १९१३ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवलेली आहे, आणि शंभर वर्षांत पाणी पाऊण फुटाच्या आसपास वर आल्याचे ती नोंद सांगते. १८ फुटांच्या टेकडीला हा हिशेब थोडा नव्हे.

बार्बरा मॅब्रिटीने राखलेला १८४८ चा दीपस्तंभ अजून उभा आहे. १९६९ मध्ये त्याचे सरकारी काम संपले आणि आता तिथे संग्रहालय आहे. ८८ पायऱ्या चढून पाहुणे वर जातात. वरून सारे बेट दिसते. जुना किल्ला, आफ्रिकनांच्या कबरींचा किनारा, चिरूटवाल्यांची लाकडी घरे, आणि पलीकडे उठणारी लढाऊ विमाने. मनोऱ्यावरून जहाजाच्या अपघाताची वाट पाहणाऱ्यांचे मनोरे केव्हाच पडले. जहाज सुखरूप जावे म्हणून दिवा लावणाऱ्या बाईचा स्तंभ तेवढा राहिला आहे.